पुरुषांसाठी आरोग्य-जागृतीचा कार्यक्रम: पट्ट्यापासून पाठपुराव्यापर्यंत

‘पुरुषांचं आरोग्य’ या विषयावर व्याख्यान ठेवलं की पुढच्या दोन रांगा रिकाम्या राहतात. त्याच जागी टेबलावर रक्तदाबाचं यंत्र मांडलं तर माणसं आपणहून बाही वर करतात. कारण सरळ आहे. काही दुखतंय असं कबूल करावं लागत नाही, फक्त ‘बीपी किती?’ एवढंच विचारायचं असतं. म्हणून कार्यक्रमाची सगळी मांडणी त्या यंत्राच्या, दंडाला बांधायच्या पट्ट्याभोवती करावी. आकडा हे निमित्त, आणि तो बघितल्यावर शेजारी बसून होणारं दहा मिनिटांचं बोलणं हे खरं काम.

जगभरात पुरुष स्त्रियांपेक्षा सरासरी सुमारे ५ वर्षं कमी जगतात, आणि पुरुषांमधलं आत्महत्येचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. यात शरीराचा वाटा आहेच, पण डॉक्टरांना उशिरा दाखवण्याचाही मोठा वाटा आहे. आपल्याला हात घालता येतो तो तिथेच.

बरेच जण असा कार्यक्रम नोव्हेंबरात घेतात. २००३ साली मेलबर्नमध्ये ३० पुरुषांनी महिनाभर मिशा वाढवल्या आणि त्यातून ‘मोव्हेंबर’ ही मोहीम उभी राहिली. १९ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय पुरुष दिनही आहे. मिशी बघून कुणीतरी विचारतं आणि विषय निघतो, एवढीच ती युक्ती. पण महिन्यापेक्षा वेळ महत्त्वाची. कामाच्या ठिकाणी घेणार असाल तर कामाच्या वेळेतच घ्या. सुटल्यावर ठेवलेल्या तपासणीला ज्याला खरी गरज आहे तोच आधी निघून जातो.

४० जणांसाठी तयारी

पुढचा हिशोब ४० पुरुष आणि दोन तास धरून केला आहे. दंडाला पट्टा बांधायची दोन स्वयंचलित यंत्रं लागतील. मनगटावरची यंत्रं घेऊ नका. मनगट हृदयाच्या पातळीपासून जरा वरखाली झालं की आकडा बदलतो. पट्टे दोन मापांचे हवेत: साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी एक आणि ३२ ते ४२ सेंमीसाठी एक. नेमके ज्यांना धोका जास्त, त्या जाड दंडाच्या माणसांना लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा जास्त येतो, आणि मग ‘त्या शिबिरात काहीही सांगतात’ असं म्हणून ते पुढे जातच नाहीत. बॅटऱ्या नव्या घाला आणि एक जोड जास्त ठेवा.

पाठ टेकता येईल अशा सहा खुर्च्या, न ताणणारी मोजपट्टी, भिंतीवर उंचीची खूण, प्रत्येकाचे आकडे आणि सल्ला लिहून द्यायला छापील चिठ्ठ्या, पाठपुराव्यासाठी एक वही. आणि एक वेगळी खोली, जिचं दार लागतं. खोली मिळत नसेल तर दुसरी जागा शोधा, कारण पडद्याआड कुणी मन मोकळं करत नाही. यंत्रांवर दोन जण, रांगेकडे एक, आणि खोलीत किमान एक प्रशिक्षित नर्स, डॉक्टर किंवा समुपदेशक.

बोटातून रक्त काढून साखर बघायचा मोह आवरा, प्रशिक्षित माणूस नसेल तर. टोचायचं पेनसारखं साधन अनेकांत वापरलं तर हिपॅटायटिस बी पसरू शकतो, सुई बदलली तरीही. प्रत्येकाला एकदाच वापरून फेकायचं साधन हवं, आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड डबा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करूनच टोचावं. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तरी साखर भरमसाट दिसते. हे सगळं जमणार नसेल तर चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी साखर तपासा’ एवढं लिहून द्या. आठ तास उपाशी राहून १०० ते १२५ आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त आली तर मधुमेहाची शक्यता. त्रास काही नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत.

मोजताना

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. तपासणीच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू आणि व्यायाम नको, हे आदल्या दिवशीच्या निरोपात लिहा. रांगेत आल्यावर आधी लघवीला जाऊन यायला सांगा. मूत्राशय भरलेलं असलं तर रक्तदाब वाढतो. मग खुर्चीत ५ मिनिटं गप्प बसायचं, मोबाइल खिशात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात खाली लोंबकळत राहिला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या खळीपासून दोन-तीन सेंमी वर. खाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका घट्ट. घट्ट बाही वर सरकवून तिचा दंडाला फास बसत असेल तर शर्ट काढायला लावा.

मोजत असताना बोलणं बंद, तुमचंही. गप्पांनी वरचा आकडा सहज १० पर्यंत चढतो. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिला बहुतेक वेळा जास्त असतो. यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण आली तर ती चिठ्ठीवर लिहा, कारण ठोके अनियमित असले की स्वयंचलित यंत्राच्या आकड्यावर पूर्ण विसंबता येत नाही आणि हृदयाचा आलेख काढायला हवा.

विश्रांती रांगेतल्या खुर्च्यांवर झाली तर एका यंत्रावर माणशी ५ मिनिटं लागतात. म्हणजे दोन यंत्रांवर तासाला २४ जण. उशीर झाला म्हणून विश्रांती कापायची नाही. त्यापेक्षा उरलेल्यांना दुसरा दिवस द्या.

बसल्या बसल्या पोटाचा घेर घ्यायचा नाही, उभं राहूनच. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध पट्टी आडवी ठेवा, सहज श्वास सोडल्यावर वाचा. पँटचं माप धरू नका, पुरुष पँट पोटाखाली बांधतात. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर पोटातली चरबी जास्त आहे असं समजा: १७० सेंमी उंचीला ८५ सेंमी. वजनकाट्यापेक्षा हा आकडा लोकांच्या लक्षात राहतो.

आकडा बघितल्यावर काय सांगायचं

१३०/८५ च्या खाली असेल तर वर्षभराने पुन्हा मोजा. त्याच्या वर पण १४०/९० च्या आत असेल, तर घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायला सांगा. घरच्या मोजणीत १३५/८५ ही रेघ धरतात. १४०/९० किंवा जास्त आलं तर हीच घरची मोजणी करून चार आठवड्यांच्या आत डॉक्टर. १६०/१०० च्या वर त्याच आठवड्यात. एका बैठकीतल्या आकड्यावरून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं म्हणू नका, ‘आज जास्त आहे, पक्कं करायला हवं’ असं म्हणा.

१८०/१२० किंवा वर आलं तर घाबरवू नका. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तितकंच असेल आणि छातीत दुखणं, धाप, हातापायात अचानक कमजोरी, बोलताना अडखळणं, नजर धूसर होणं किंवा जोराची डोकेदुखी यांतलं काहीही असेल, तर लगेच रुग्णवाहिका. काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर, सोबत कुणीतरी. दुसऱ्याच्या खिशातली बीपीची गोळी मात्र देऊ नका. रक्तदाब झपकन उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठाच कमी पडू शकतो.

‘गोळी एकदा चालू झाली की सुटत नाही’ ही शंका येणारच. तिला उत्तर द्या. बीपीच्या गोळीचं व्यसन लागत नाही. रक्तदाब वाढलेला राहिला तर मूत्रपिंडं, डोळ्यांचे पडदे, हृदय आणि मेंदू झिजतात, आणि झिजताना दुखत नाही. वजन उतरवलं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणलं, आठवड्याला १५० मिनिटं घाम येईल असं चाललं तर काहींचा डोस डॉक्टर कमी करतात. स्वतःच्या मनाने बंद करणं हा मात्र वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे.

मोठ्याने घोरणारा, दिवसा पेंगणारा आणि दोन गोळ्यांनीही ज्याचा रक्तदाब हलत नाही असा माणूस सापडला तर त्याला झोपेत श्वास अडकण्याची तपासणी सुचवा. हे त्याला स्वतःला कळत नसतं. शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला

इथे तो प्रश्न असतो जो कुणी मोठ्याने विचारत नाही. मागच्या बाजूला छापलेला मजकूर माणूस खिशात घालून नेतो आणि एकटा असताना वाचतो, म्हणून त्याला जागा द्या.

वृषणांचा कर्करोग मुख्यतः १५ ते ४० या वयात होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दरमहा तपासणीची सक्ती नको. तिचा उपयोग आहे असं सिद्ध झालेलं नाही आणि उगाच धास्ती वाढते. पण आपलं नेहमीचं कसं लागतं हे प्रत्येकाला माहीत हवं. कोमट पाण्याने आंघोळ केल्यावर त्वचा सैल असते, तेव्हा अंगठा आणि बोटांमध्ये एकेक वृषण हलकेच फिरवून बघायचं. एक थोडं खाली, एक थोडं मोठं असणं नेहमीचं. मागच्या बाजूला लागणारी मऊ दोरीसारखी गुंडाळी म्हणजे गाठ नव्हे. वृषणालाच चिकटलेली कठीण, बहुधा न दुखणारी गाठ, किंवा जडपणा आला तर आठवड्याभरात दाखवा. सोनोग्राफीत लगेच कळतं. लहानपणी ज्याचं वृषण खाली उतरलं नव्हतं त्याने जास्त जागरूक राहावं.

अचानक जोरात दुखू लागलं, मळमळलं, तर तो वेगळा मामला. वृषणाला पीळ पडला असू शकतो आणि सुमारे ६ तासांत तो सोडवला नाही तर वृषण जातं. शाळकरी मुलं लाजेने ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात. घरातल्यांनी विचारायला हवं.

लघवीची धार बारीक, सुरू व्हायला वेळ, रात्रीतून दोन-तीनदा उठणं: पन्नाशीनंतर याचं कारण बहुधा प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची साधी वाढ असतं आणि त्यावर औषधं आहेत. लघवीत रक्त दिसलं तर एकदाच दिसलं म्हणून सोडू नका. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएसए ही रक्ततपासणी करायची की नाही, हे पन्नाशीला (वडील किंवा भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीला) डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सरसकट सगळ्यांना करायला लावू नये, कारण आयुष्यात कधीच त्रास न देणारा कर्करोगही ती दाखवते आणि मग नको ते उपचार होतात. करायचीच असेल तर आधीचे ४८ तास वीर्यस्खलन आणि सायकलिंग टाळावं, आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर सहा आठवडे थांबावं. केस गळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर ते सांगणं फार गरजेचं आहे. या गोळीने पीएसए जवळजवळ निम्मं दिसतं.

ताठरता न येणं हे वाक्य स्पष्ट छापा. हृदयाच्या रक्तवाहिन्या ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, शिश्नाच्या १ ते २. चरबीचा थर बसू लागला की लहान नळी आधी तुंबते. त्यामुळे ही तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येणारी सूचना असू शकते. अशा वेळी साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्यावा, नुसती गोळी घेऊन मोकळं होऊ नये. छातीदुखीसाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घेणं जिवावर बेतू शकतं. जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांबद्दलही एक ओळ हवी. बाहेरून हार्मोन घेतलं की वृषणं शुक्राणू बनवणं थांबवतात, आणि ते पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात.

दार लागणाऱ्या खोलीत

चिठ्ठी समजावून सांगायच्या निमित्ताने प्रत्येकाला आत पाठवा. ‘मानसिक आरोग्य कक्ष’ अशी पाटी लावू नका. सगळेच आत जात असले की कुणी वेगळा दिसत नाही. खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवा. नजरेला नजर न भिडवता पुरुष जास्त बोलतात.

सुरुवात झोपेपासून करा. ‘झोप लागते का नीट?’ याला कुणी बिचकत नाही. त्यामागोमाग दोन प्रश्न जसेच्या तसे विचारा. गेल्या २ आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, खचल्यासारखं, काही आशा उरली नाही, असं किती दिवस वाटलं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर नऊ प्रश्नांची पूर्ण चाचणी आणि डॉक्टरांची भेट. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

पण पुरुष उदास म्हणून समोर येईलच असं नाही. तो चिडका म्हणून येतो. घरी बारीकसारीक कारणावरून आवाज चढतो, गाडी बेदरकार चालवतो, पिणं वाढतं, रात्री उशिरापर्यंत कामात बुडून राहतो, पाठ आणि डोकं सतत धरलेलं असतं आणि तपासण्या स्वच्छ येतात. शब्दही वेगळे: ‘टेन्शन’, ‘डोक्याला ताप’, ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’. हा शेवटचा शब्द ऐकला की थांबा आणि विचारा, ‘कंटाळा म्हणजे कसा?’ मग गप्प राहा. दहा-बारा सेकंदांची शांतता जड वाटते, पण बहुतेक वेळा पुढचं वाक्य तिथूनच येतं. ‘सगळ्यांनाच असतं हो’ आणि ‘पुरुषासारखा पुरुष तू’ ही दोन वाक्यं त्या खोलीत कुणीही उच्चारायची नाहीत.

आशा संपल्याचा सूर लागला तर आडून विचारू नका. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असंच विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का, साधन जवळ आहे का, कधी? योजना ठरलेली असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. औषधांचा साठा, कीटकनाशक, शस्त्र, जे काही असेल ते घरातल्या माणसाने त्याच दिवशी ताब्यात घ्यायचं, आणि तातडीच्या विभागात किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द आधी देऊन बसू नका. ‘जिवाचा प्रश्न असेल तर मी मदत बोलावीन, बाकी इथेच राहील’ हे सुरुवातीलाच सांगा. हेल्पलाइनचा क्रमांक छापण्याआधी स्वतः फिरवून बघा. बंद क्रमांक हातात देण्याइतकं वाईट काही नाही.

औषध लिहून मिळालं तर एक गोष्ट आवर्जून सांगा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि मळमळीसारखा त्रास पहिल्या आठवड्यातच होतो. त्यामुळे गोळी ‘लागू पडली नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन, परस्पर बंद नाही.

दारूबद्दल वेगळी काळजी घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. अचानक थांबवलं तर काही तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. यात जीव जाऊ शकतो. सकाळी उठल्या उठल्या प्यायला लागते का, हे विचारा. ‘हो’ असेल तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडवायची.

वही

बहुतेक शिबिरं इथे फसतात. १६८/१०४ असा आकडा ऐकून माणूस मान डोलावतो, चिठ्ठी खिशात जाते, शर्ट धुवायला पडतो. म्हणून ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला, किंवा ज्यांची खोलीतल्या दोन प्रश्नांची बेरीज ३ किंवा जास्त आली, त्यांची परवानगी घेऊन वहीत नाव, फोन आणि फोनची सोयीची वेळ लिहा. मानसिक आरोग्याचा तपशील वहीत नको, फक्त ‘पुन्हा बोलायचं’ अशी खूण. वही एकाच माणसाकडे, कुलपात. कामाच्या ठिकाणी ती वरिष्ठांच्या किंवा मनुष्यबळ विभागाच्या हाती जाणार नाही हे सुरुवातीलाच लेखी ठरवा. ही शंका राहिली तर पुढच्या वर्षी कुणी खरं उत्तर देणार नाही.

‘डॉक्टरांकडे जा’ असं सांगून पाठवण्यापेक्षा तिथेच बसून वेळ घेऊन द्या आणि तारीख चिठ्ठीवर लिहा. पहिला फोन दोन आठवड्यांनी, दुसरा सहा आठवड्यांनी. ‘गेलात का?’ असं विचारलं तर ‘जाणारच आहे’ असं उत्तर येतं. ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असं विचारा. गेला नसेल तर अडलं कुठे ते काढा: सुट्टी, पैसे, सोबत, की तपासणीत काही निघेल ही भीती. भीती असेल तर सोबत जाणारा कुणीतरी शोधून द्या. तिसऱ्या महिन्यात त्याच यंत्रावर, त्याच हाताला पुन्हा मोजायला बोलवा आणि जुना आकडा शेजारी लिहून ठेवा. त्यानंतर ते पान फाडून त्याच्या हातात द्या.